मारोतीच्या दुकानातला बोलका डब्बा

दारव्ह्याच्या बाजाराजवळ मारोतीचं कटिंगचं दुकान. एक लोखंडी खुर्ची, एक आरसा, अन् गिऱ्हाइकांपेक्षा रिकामटेकड्यांनाच जास्त उपयोगी पडणारं एक बाकडं. बापानं दुकानासोबत त्याला मंत्रही दिला होता: "डोक्याचा दर पायाकडं पाहून सांगावा." म्हणजे गिऱ्हाईक आलं की आधी त्याची चप्पल पाहायची. करकरीत जोडा असला तर शंभर, साधी सँडल असली तर साठ, तारेनं बांधलेली स्लिपर असली तर तीस. कटिंग सगळ्यांची सारखीच. सारखीच वाईट, असं बाकड्यावरचे म्हणत; पण त्यांचं काय ऐकता, फुकट पेपर वाचणारे! वीस-पंचवीस वर्षं हे सुरळीत चाललं, कारण पैसे मुठीतून मुठीत जात अन् कोणाचा आकडा कोणाला कळत नसे.

मग मोबाइलचे पैसे आले. मारोतीनं आरशाला कोड चिकटवला. पण त्याला जवळचं दिसत नाही, हे कॉलेजच्या पोट्ट्यांनी लगेच हेरलं. मोबाइल नाकासमोर नाचवायचा, "झाले काका" म्हणायचं अन् पसार! महिनाभर असा चुना लागल्यावर मारोतीनं बोलणारा डब्बा आणला. पैसे जमा झाले की हा आकडा मोठ्यानं सांगतो. मारोतीनं त्याला हळद-कुंकू लावून नारळ फोडला. बिचाऱ्याला काय माहीत, आपण आपल्या हातानं दुकानात चुगलखोर आणून बसवला!

पहिलाच बाजाराचा दिवस. खुर्चीतून उठले सदाशिवराव. चाळीस एकर कापूसवाले, जोडा करकरीत. त्यांचं डोकं म्हणजे डाव्या कानावर वाढवलेले पंधरा-वीस लांब केस, टाळूवरून ओढत उजव्या कानापर्यंत नेलेले. साऱ्या दारव्ह्याला हे माहीत आहे, पण बोलतो कोण? डब्बा म्हणाला, "शंभर रुपये प्राप्त झाले." सदाशिवराव चहासाठी बाकड्यावर टेकले. त्यांच्यामागून खुर्चीत बसला फुलसिंग, तांड्यावरचा, बाजारात पोती वाहणारा हमाल, पायात तारेनं बांधलेली स्लिपर. अडत्यानं हमाली मोबाइलवर टाकायला सुरुवात केल्यापासून तोही मोबाइलवरच पैसे देई. डब्बा ओरडला, "तीस रुपये प्राप्त झाले."

"काहून रे मारोती?" सदाशिवराव ताडकन उठले. "त्याले तीस अन् मले शंभर? माह्या डोक्यावर काय सोन्याचं पीक हाये काय?"

बाकड्यावर कोणीतरी खोकलं.

सदाशिवरावांची मारोतीला फिकीर नव्हती. पण फुलसिंगचं तोंड उतरलेलं त्यानं आरशात पाहिलं अन् तो झटकलेलीच चादर पुन्हा झटकू लागला.

"बाकीच्यायले किती घेतो तू?" फुलसिंगनं विचारलं.

"साठ," मारोती पुटपुटला.

"म्हंजे इतके वर्स तू मले धरम करून राह्यला? भीक मांगाले येतो का मी तुह्या दुकानात?" फुलसिंगनं पुन्हा मोबाइल लावला, आणखी तीस टाकले अन् तरातरा निघून गेला.

ही लोखंडी खुर्ची फुलसिंगनंच एकेकाळी पाठीवर वाहून आणली होती. हमाली विचारली तर "दोस्तीत कायची हमाली?" म्हणाला होता. आता तीन बाजार झाले, तो दाढी वाढवून रस्त्याच्या पलीकडून जाई, इकडे ढुंकून पाहत नसे. मारोतीला अन्न गोड लागेना.

"डब्बा काढून टाका," बायको हंसाबाई म्हणाली.

"काढला तं ते पोट्टे पुन्हा चालू!"

"मंग दराचा बोर्ड लावा. पण असा लिहा की फुलसिंगभाऊले तीसच पडन."

मारोतीनं एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावता लावता विचार केला, अन् साबण वाळेपर्यंत करतच राहिला. चौथ्या बाजाराला बोर्ड लागला: दाट केस शंभर, मध्यम साठ, टक्कल तीस. कॉलेजचे पोट्टे कुरकुरले. मारोती म्हणाला, "'झाले काका'चं व्याज समजा, लेकहो!"

मग त्यानं रस्त्यावर जाऊन फुलसिंगला हाताला धरून आणलं. बाकड्यावरच्यांनी बोर्ड वाचून दाखवला.

"सगळ्यायलेच असा?" फुलसिंगनं संशयानं विचारलं.

"सगळ्यायलेच. काम कमी तं पैसे कमी. साठ घेतले तं मी चोर नाही ठरत का?"

फुलसिंगनं डोक्याचा दुपट्टा सोडला. पोती वाहून वाहून चकचकीत झालेल्या टाळूवरून हात फिरवला, आरशात नीट पाहिलं. "हाव, हे कायद्याचं हाये," म्हणून तो ऐटीत खुर्चीत बसला. मारोतीचे डोळे भरून आले. पण वस्तरा हातात होता, पुसता येईना. "तीस रुपये प्राप्त झाले," डब्बा ओरडला, अन् फुलसिंगनं छाती काढून बाकड्याकडं पाहिलं.

पुढचा नंबर सदाशिवरावांचा. मारोतीनं ते पंधरा-वीस केस मोजून कापल्यासारखे कापले, इकडून तिकडं अंथरले अन् चादर झटकली. सदाशिवरावांनी मोबाइल काढला. बोर्ड पाहिला. आरसा पाहिला. बाकड्यावरचा पेपर वाजायचा थांबला होता.

"मालक," मारोती हात जोडून म्हणाला, "तुमीच सांगा, कोणत्या दरात बसता?"

सदाशिवरावांनी एकदा डोकं चाचपलं, दात आवळले अन् आकडा दाबला.

"शंभर रुपये प्राप्त झाले," डब्ब्यानं साऱ्या बाजाराला ओरडून सांगितलं.

"पीक जोरात हाये बुवा यंदा," फुलसिंग म्हणाला.