खसखशीऐवजी रवा

मंगळवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला. बायको गेली होती. मी आखातात, जबल अलीतल्या ऑफिसात होतो आणि समोर स्क्रीनवर गांजाची जाहिरात होती.

गांजा हा शब्द आमच्या कंपनीत कोणी उच्चारत नसे. पूर्वी आम्ही पाइप विकायचो. मग कॅनडात गांजा कायदेशीर झाला, साहेबांनी तिथल्या एका कंपनीत भागीदारी घेतली, आणि माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचतो. "प्लांट म्हणा, प्लांट!" साहेब बजावायचे. "तो देवळामागच्या बाबांचा शब्द नको." चिलमीत होता तोवर ज्याला पाहून आया पोरांना घरात ओढत, तो आता सूट घालून मीटिंगला येत होता. माहितीपत्रक टोरंटोत छापायचं, तिथेच वाटायचं, इथे एक प्रतही ठेवायची नाही, असं वकिलांनी सांगितलं होतं. नफ्याला मात्र इथे यायला बंदी नव्हती.

बायकोचा कॅन्सर हाडांत उतरला होता. टोरंटोतल्या तिच्या भावाने व्हिडिओ कॉलवर तेलाची एक बाटली दाखवली होती.

"अगं, पावाच्या दुकानाशेजारी मिळतं हे. गांजाचंच. आपल्या आईच्या वयाच्या बायका रांगेत असतात. पाठवू?"

ती हसली, आणि हसताना तिने बरगडी धरली. "दादा, खसखस अफूची म्हणून इथे तीसुद्धा चालत नाही. मी अनारशांना रवा लावते. आणि तू तेल पाठवतोस? ह्यांना आत घालायचंय का?"

बाटली आली नाही. दवाखान्यातल्या गोळ्यांवर जेवढं भागलं, तेवढं भागलं.

तेरावं झाल्यावर कामावर गेलो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून म्हणाले, "माहितीपत्रकात एका पेशंटची स्टोरी हवी होती. वहिनींची घालू या. नाव नको. त्यांना किती आराम पडला, एवढंच."

"साहेब, तिला थेंबही मिळाला नाही."

"मिळाला असता तर पडला असता ना? मग झालं."

मी एक पान लिहिलं. त्यात बरगडी होती, बाटली होती, अनारसे होते. शेवटी लिहिलं, की आम्ही ज्या देशात राहतो तिथे हे तेल घरात सापडलं असतं तर मला अटक झाली असती, म्हणून ती त्याच्याशिवाय गेली.

साहेबांनी वाचलं. त्यांचे डोळे ओले झाले, हे मी नाकारत नाही. "अप्रतिम," ते म्हणाले. "शेवट तेवढा काढा. मग खलास, प्रेसला."

मी पानच परत मागितलं.

"अहो, मार्केटिंग आहे हे, श्राद्ध नाही!"

पण पान त्यांनी दिलं. त्या जागी एका बाईचा विकत घेतलेला फोटो आला. ती डोंगर चढते आहे, हसते आहे, आणि तिचं काहीही दुखत नाही. खाली वाक्य माझंच आहे: वेदनेवर निसर्गाचं उत्तर.

यंदा घरात सण नाही. अनारशाचं पीठ महिनोन् महिने टिकतं. तिने मळून ठेवलेल्या पिठाचा डबा फ्रिजमध्ये आहे, आणि ओट्यावर रव्याची बरणी आहे.