रूपाचे तीन चौकोन

आंदर मावळात कुणाच्याही डोळ्यांत मोतीबिंदू नाही, अशी बातमी एका मंगळवारी वडगावच्या एका कचेरीतून बाहेर पडली. बातम्या पसरवणं हा माझा जन्माचा धंदा, पण ही माझ्याही गळी उतरेना.

कचेरी डोळ्यांची फिरती शिबिरं भरवणाऱ्या एका संस्थेची. तिथे डोळ्यांत थेंब घालून घ्यायला जातो असं मी घरी सांगतो. खरं तर बाकड्यावर निम्मा तालुका भेटतो म्हणून जातो. कॉम्प्युटरवर रूपा बसते. आंदर मावळच्या खोऱ्यात, खांडी गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी आहे, तिथल्या शिदूची ही लेक. बोलायला गोड, पण लग्नाचा विषय काढला की तिला ऐकू येत नाही. गाडी कुठे न्यायची, कुणाला ऑपरेशनला आणायचं, याचा रिपोर्ट ती काढते आणि ड्रायव्हर हौशीराम त्या कागदावर चालतो. हौशीराम सोलापूरकडचा, नवा. कागदावर नसेल तर तो स्वतःच्या सासुरवाडीलाही जायचा नाही.

आता आमच्याकडे ठाकरवाडी काय एक आहे? डोंगराला जितक्या सोंडा तितक्या ठाकरवाड्या. जुन्या रिपोर्टात सगळ्या तालुक्याच्या वाड्या एकाच यादीत कोंबलेल्या. त्यामुळे गाडी दोनदा गेली ती दुसऱ्याच खोऱ्यातल्या, नाणे मावळातल्या ठाकरवाडीला. इकडे रूपाची आई भागूबाई वाडीतल्या बायकांना घेऊन दोन्ही वेळा ताटकळली. तिचा एक डोळा पार पांढरा, दुसराही त्याच वाटेवर. पाऊस लागला की वरचा रस्ता चिखलात जातो. मग गाडी थेट दिवाळीनंतर.

"अगं, हौशीरामाला तोंडी सांग ना, आईला घेऊन ये म्हणून," मी म्हटलं.

"आई ऐकते होय, आबा? म्हणते, लेकीच्या वळखीनं मी एकटीच गाडीत बसू, आन् बाकीच्या बायांनी काय धुरळा बघायचा? गाडी वाडीला येऊ दे, मंग येते."

"तुझ्यासारखीच हट्टी."

"मी तिच्यासारखी," रूपा म्हणाली आणि कामाला लागली.

तिने रिपोर्टावर तीन चौकोन केले. वरचा खोऱ्याचा, मधला गावाचा, खालचा वाडीचा. वरचा सांगेल तेवढंच खालच्याने दाखवायचं. मला बोलावून तिने वर 'आंदर मावळ' निवडलं, आणि काय सांगू! पवन मावळ, नाणे मावळ ही बाकीची खोरी जणू धुक्यात बुडाली. श्रावणात टेकडीवर उभं राहावं आणि फक्त आपलंच खोरं उघडं दिसावं, तसं झालं. मग तिने खांडी निवडलं, तर तेवढ्याच गावच्या वाड्या पुढे आल्या. जे ज्ञान मिळवायला मी जन्मभर लोकांच्या ओट्यांवर बसलो, ते ही पोरगी एका बोटाने हलवत होती. मी टोपी काढून हातात घेतली.

आणि त्यानंतर तो मंगळवार. रूपाने आधी नाणे मावळचा रिपोर्ट काढला, मग वर आंदर मावळ निवडून दुसरा काढला. कागद कोराच आला. हौशीरामाने तो उलटसुलट पाहिला, "पेशंट नाहीत म्हणे," असं म्हणून गाडी सावलीत लावली आणि चहा मागवला.

रूपाचा चेहरा उतरला. डोंगरावर ढग उतरायला लागले होते आणि आता शुक्रवारची एकच फेरी उरली होती. ती पडद्याकडे नुसती बघत बसली.

मी काय करणार? शेजारी एक नवी बाई येऊन बसली होती, तिच्याकडे वळलो. "कुठल्या हो बाई तुम्ही?"

"वडेश्वरची."

"म्हणजे आंदर मावळ. कुणाच्या घरातल्या? शाळेजवळच्या, की..."

"न्हाई, न्हाई. वडेश्वर माह्यार. सासर पवन मावळात."

"मग राहू दे ते वडेश्वर! पुन्हा पहिल्यापासून. पवन मावळात गाव कुठलं?"

मागे खुर्ची सरकली. रूपा उभी होती. "आबा, माझ्या चौकोनानं हेच केलं नाही! वरचं खोरं बदललं, पण खाली जुनंच गाव बसून राहिलं. नाणे मावळातलं गाव आंदर मावळात शोधत बसलं बिचारं. सापडणार कोण?"

संध्याकाळपर्यंत तिने यंत्राला माझी रीत शिकवली. वरचं बदललं की खालचे दोन्ही चौकोन आपोआप रिकामे. नवं गाव, नवी वाडी सांगितल्याशिवाय कागद निघायचा नाही.

"तुमच्या चौकशांचा कुणाला तरी उपयोग झाला," ती म्हणाली. कार्टी!

शुक्रवारी हौशीरामाशेजारी मीही बसलो. साक्षीदार नको का? गाडी बरोबर त्याच वाडीत जाऊन थांबली. भागूबाईने गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला, "आली व्हय?" म्हणाली, आधी सगळ्या बायकांना चढवलं आणि मग स्वतः चढली. परतताना काचेवर पहिले टपोरे थेंब पडले.

ऑपरेशन होऊन पट्टी सोडली त्या दिवशी मी हजर होतो. भागूबाईने डोळे किलकिले करत आधी मला न्याहाळलं. "आवो आबा, आवाजावरनं वाटत न्हवतं. एवढं म्हातारं कवा झालात?"

सगळे हसले. मग तिची नजर रूपाकडे गेली आणि तिथेच राहिली. तिने लेकीची हनुवटी धरली, मान वळवून मागचं पुढचं पाहिलं.

"केस कवा कापलंस गं?"

सगळं मावळ बोटावर नाचवणारी रूपा. डोळे पुसायला तिने माझाच रुमाल घेतला.