पावसाळ्यासाठी सोडलेली फट

जेद्दाच्या जुन्या शहरातलं ते उंच घर आता डागडुजी करून लोकांना बघायला खुलं केलंय. एके काळी तिथे एका परक्या देशाचा दूतावास होता आणि रत्नागिरीहून आलेले माझे अब्बा तिथे सुतारकाम करायचे. पुढे दूतावास रियाधला हलला आणि घर बंद पडलं.

परवा लेकीला घेऊन गेले. गाइड सागवानी जाळीच्या खिडक्या दाखवत होता. राजदूत कुठल्या खिडकीशी बसून कॉफी प्यायचे, तेसुद्धा त्याला तोंडपाठ. मग एका खिडकीच्या लाकडी खिट्टीपाशी थांबून तो म्हणाला, "ही सैल आहे ती मुद्दाम. हवा खेळावी म्हणून. इथल्या जुन्या कारागिरांची युक्ती."

माझं डोकंच फिरलं. कसली युक्ती! ती खिट्टी अब्बांची. तिच्यासाठी सुट्टीवरून येताना त्यांनी बॅगेत फणसाचं लाकूड आणलं होतं. लोक गावाहून लोणची आणतात आणि हे लाकूड, म्हणून अम्मी केवढी चिडली होती! कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून सुतार खिट्टीला जराशी फट ठेवतात. अब्बांच्या हाताने सवयीने इथेही ठेवली. जेद्दात पावसाळा कुठला? खिट्टी वर्षभर खडखडायची. दूतावासातल्या साहेबांनी तक्रार केली, तेव्हा अब्बा गंभीरपणे म्हणाले होते, "पावसाळ्यात बसेल बरोबर."

गाइड पुढे गेला. लेकीने खिट्टी हलवून पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, ही अजून इतकी सैल कशी?

"अजून पावसाळा आला नाही ना," मी म्हटलं.