परवाची गोळी

टेंभुर्णीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार माझ्याकडे येते, मी ती उघडतो, जळकी तार काढून नवी भरतो. यातच आयुष्य गेलं. त्यामुळे बंद वस्तू दिसली की ती आतून कशी चालते हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. बायको म्हणते, या माणसाला देवाच्या मूर्तीलाही स्क्रू सापडेल.

पन्नाशी ओलांडल्यावर माझ्याच शरीरातली एक गोष्ट चालेनाशी झाली. आधी लाज वाटली, मग वाईट वाटलं. शुगर होती, तिच्यावर ढकललं. मग उकडतंय म्हणून गच्चीवर झोपायला लागलो. संक्रांत आली तरी मी गच्चीवरच. शेवटी एका सकाळी चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली, "थंडीत कोनाला उकडतं? चला, जालन्याला जाऊन येऊ." ती चिडली नव्हती. म्हणूनच मला जास्त मेल्यासारखं झालं.

जालन्याच्या शुगरवाल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि थेट छातीचा कार्डिओग्राम काढायला लावला. ब्लडप्रेशर, रक्त, सगळं तपासलं. मी म्हटलं, साहेब, तक्रार खालची आहे, तुम्ही वर काय शोधताय? ते म्हणाले, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. गाळ साचायला लागला की आधी बारीक पाइप अडतो. म्हणजे ही तक्रार कधी कधी हृदयाची आगाऊ सूचना असते. हे ऐकल्याबरोबर माझी लाज निम्मी कमी झाली. ड्रिपच्या बारीक नळ्या आधी चोंदतात आणि मोठी लाइन नंतर, हे मी शेतकऱ्यांना किती वर्षं सांगत आलो होतो.

माझे रिपोर्ट बरे निघाले. डॉक्टरांनी टाडालाफिल नावाची गोळी लिहून दिली. मी चिठ्ठी खिशात घातली आणि बसूनच राहिलो. म्हटलं, ही आत जाऊन करते काय, ते सांगा. डॉक्टर हसले. बाकीचे लोक म्हणे फक्त किती वेळ चालते एवढंच विचारतात.

मग त्यांनी सांगितलं. मन झालं की शरीर आपणहून एक निरोप धाडतं, वाहिन्या सैल करा, रक्त येऊ द्या. आणि शरीरातच एक जण तो निरोप पुसत बसलेला असतो. माझ्या वयाच्या, शुगरच्या माणसात निरोप आधीच क्षीण निघतो आणि पोचायच्या आत पुसला जातो. गोळी त्या पुसणाऱ्याचे हात धरून ठेवते. निरोप ती स्वतः धाडत नाही. मनच झालं नाही तर गोळी खाऊन माणूस नुसता बसून राहतो. मला हे फार आवडलं. मोटार नवी बसवायची नाही, फक्त गळती थांबवायची.

"आणि चालते किती वेळ?" मीही शेवटी विचारलंच.

दुसऱ्या जातीच्या गोळ्या काही तासांत उतरतात, ही सावकाश उतरते, दीड दिवस काम करते, असं ते म्हणाले. दीड दिवस म्हणजे दीड दिवस तसंच का, असं मी विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. तसं नाही. दीड दिवस शरीर तयार असतं, एवढंच. आणि तसंच राहिलं, चार तास झाले तरी उतरलं नाही, तर मर्दुमकी समजून घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. नाहीतर ते कायमचं निकामी होतं. डोकं दुखेल, पाठ दुखेल, नाक चोंदेल, छातीत जळजळ होईल. एकदम दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं तरी पळत यायचं. लघवीच्या त्रासावरची कुठली गोळी चालू केली तर आधी विचारायचं. मित्राची उसनी घ्यायची नाही, मित्राला द्यायची नाही.

मग त्यांनी बाहेर बसलेल्या माझ्या बायकोला आत बोलावलं. ती पदर सावरत खुर्चीच्या टोकावर बसली. डॉक्टर तिच्याशीच बोलले. हृदयाची माणसं छातीत कळ आली की जिभेखाली एक गोळी ठेवतात, ती माहीत आहे ना? तीही वाहिन्या सैल करते, पण सगळ्या अंगातल्या. यांच्या गोळीवर ती पडली तर ब्लडप्रेशर कोसळतं, माणूस जागेवर जाऊ शकतो. ही गोळी घेतल्यापासून पुरे दोन दिवस ती जिभेखाली जाऊ द्यायची नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी हे आधी सांगायचं.

"हे तुम्ही लक्षात ठेवा," डॉक्टर तिला म्हणाले. "यांना तेव्हा बोलता येईलच असं नाही."

ती नुसती मान हलवून उठली. परतीच्या एसटीत मी तिला निरोपाची आणि पुसणाऱ्याची गोष्ट सांगितली. तिनं खिडकीबाहेर बघत एकच प्रश्न विचारला, पुसणाऱ्याचे हात धरले तर तो बिचारा दुसरं काय काम करतो? गोळीनं काम केलं. गच्ची पुन्हा पापडाला मोकळी झाली.

पुढे धोंड्याचा महिना आला. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आमच्याकडची रीत. लेक-जावई आले, आणि अंबडकडून आमचे व्याहीही आले. विहीणबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या घरीच थांबल्या. व्याही म्हणजे भारदस्त गडी, शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. त्यांच्या हृदयात स्प्रिंगा बसवलेल्या होत्या आणि जिभेखालची गोळी बंडीच्या खिशात कायम असायची. गावात कुणाच्या छातीत कळ आली की लोक डॉक्टरच्या आधी यांना हाक मारायचे आणि हेही आनंदानं आपल्यातली गोळी काढून द्यायचे. त्यांना त्याचा अभिमान होता.

माझी बायको त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली, काही सांगायचं असलं तर लेकीमार्फत किंवा माझ्यामार्फत. लेकीच्या लग्नापासून हेच चालू होतं. मी तिला चिडवायचो, की व्याह्यांसमोर गिळलेलं सगळं बोलणं तू नंतर माझ्यावर काढतेस.

त्या दिवशी दुपारी पंगत बसली. मी व्याह्यांना तुपात बुडवलेल्या धोंड्याचा घास भरवला, त्यांनी मला भरवला. व्याह्यानं भरवलेला घास परतवायचा नसतो, त्यामुळे त्यांनी आणखी दोन भरवले. जावयाला वाण दिलं आणि हात धुवायला उठलो तर छातीत आग पेटली. कळ मधोमध, घाम कपाळावर. मी खांबाला धरून खाली बसलो. जीभ टाळूला चिकटली होती.

"इवाई, काय होऊन राह्यलं?" व्याही ताडकन उठले. माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा हात बंडीत गेला. "अटॅक हाये. बिलकुल घाबरू नका. जल्दी तोंड उघडा."

ज्या बोटांनी घास भरवले त्याच बोटांत आता ती बारीक पांढरी गोळी होती. मी मान हलवली. परवा रात्री माझी गोळी घेतली होती, ते डोक्यात होतं. पुरे दोन दिवस अजून झाले नव्हते. पण समोर व्याही, मागे जावई, दारात लेक. मी म्हणालो, "नको. मला... सोसत न्हाई ती." एवढंच निघालं. जीव चाललाय अशी भीती वाटत असताना माणूस अब्रू सांभाळत बसतो, हे मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं.

"सोसत न्हाई काय, म्या कितीजनाला देल्ली!" त्यांनी माझी हनुवटी धरली. व्याह्याचा आग्रह होता तो.

"देऊ नका."

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. व्याही थबकले. त्यांना तो आवाज कुणाचा ते लगेच कळलंच नसावं. बायको पुढे आली. पदर डोक्यावरच होता, पण नजर सरळ त्यांच्याकडे.

"ती गोळी देऊ नका. यांनी परवा दुसरी घेतल्ती. ती अजून अंगात हाये. दोन्ही मिळाल्या तर मानूस ऱ्हात न्हाई."

"दुसरी कोन्ती? शुगरची?"

"न्हाई," ती म्हणाली. "नवरा-बायकोची."

जावई ताटातल्या पुरणाकडे बघत होता. लेक आत गेली. व्याह्यांची बोटं हळूहळू मिटली. बायकोच तेवढी हलली. जावयाला म्हणाली, गाडी काढा. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की छातीतली आग क्षणभर विसरलो.

जालन्याला त्याच दवाखान्यात गेलो. स्ट्रेचर थांबायच्या आत तिनं नर्सला गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ सांगितली, कुणी न विचारता. कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं, काही वेळानं पुन्हा तपासलं. हृदय ठीक होतं. पित्त उसळलं होतं. थोडा दोष पुरणाचा, थोडा त्या गोळीचाच, असं डॉक्टर म्हणाले. पण न तपासता पित्त समजून घरी बसला असतात तर मी रागावलो असतो, असंही म्हणाले.

व्याही खाटेशेजारी स्टुलावर बसून होते. खाली बघत म्हणाले, "इवाई, ती तुमची गोळी... ती चालती कशी?"

मला कुणी असं विचारलं की मी विसरतो कुठे आहे ते. निरोप, पुसणारा, सैल झालेल्या वाहिन्या, सगळं सांगितलं. म्हटलं, शेतातले सगळे व्हॉल एकदम उघडले तर मोटार चालू असून कुठंच पानी चढत न्हाई, तसं होतं दोन्ही गोळ्या मिळून. त्यांनी हे मनापासून ऐकलं. मग बंडीत हात घातला. जिभेखालच्या गोळीचं पाकीट निघालं आणि त्याच खिशातून एक कागदाची पुडी. आत मातकट कॅप्सूल.

"बाजारातल्या तंबूवाल्याची हाये. जडीबुटी. हिच्यात इंग्रजी औषद काय बी न्हाई म्हंला. हिचा गुन तुमच्या गोळीसारखाच हाये, दोन-दोन दिवस."

जडीबुटीचा गुण दोन दिवस बराबर कसा टिकतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला. मी विचारलं, "कधी घेतल्ती?"

"परवाच." मग अगदी हळू, "काल इकडं येताना छाती भरून आल्ती. जिभेखालची हातात घेतल्ती. तेवढ्यात आपोआप थांबलं, म्हनून ठेवून देल्ली."

मी नर्सला हाक मारली. डॉक्टरांनी पुडी उघडून पाहिली. अशा जडीबुटीत पुष्कळदा तीच औषधं न सांगता मिसळलेली असतात आणि किती ते कुणालाच माहीत नसतं, म्हणाले. छाती भरून आल्याचं ऐकल्यावर त्यांनी मला खाटेवरून उठवलं आणि व्याह्यांना तिथंच झोपवलं. वायरी माझ्या अंगावरून निघाल्या, त्यांच्या अंगाला लागल्या. तो भारदस्त माणूस छताकडे बघत पडून राहिला. मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली.

बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. आता ती त्यांच्याशी सरळच बोलत होती. "इहीनबाईला फोन लावा. सगळं सांगा त्यांना."

"काय सांगू?" व्याही म्हणाले. "तिला ठाऊकच न्हाई म्या हे खातो ते. कसं सांगू?"

"जसं मी सांगितलं तसं. उद्या कळ आली तर तुम्हाला तव्हा बोलता यायचं न्हाई."

त्यांनी पोराला, म्हणजे आमच्या जावयाला, चहा आणायला खाली धाडलं. तो गेल्याची खात्री केली आणि माझ्याकडून फोन मागून घेतला. पलीकडून विहीणबाईंनी आधी धोंडे कसे झाले ते विचारलं असावं.

"धोंडे बराबर झाल्ते," ते म्हणाले. "तू आधी खाली बस. मला तुला एक सांगायचंय."