भाचीचा पीसी जोडला तो दिवस

भाचीनं फोन करून विचारलं, "मामाजी, माझा पीसी जोडून द्याल काय?" तेव्हा मला फार आनंद झाला होता. पुढचं सगळं त्या आनंदातूनच बिघडत गेलं, म्हणून तो आधी सांगतो.

पवनीला मी वीस वर्षं संगणकाचे वर्ग चालवतो. अर्ध्या गावाला मी माऊस धरायला शिकवलं आहे. त्यामुळे रस्त्यानं जाताना लोक मला सर म्हणतात आणि बंद पडलेला प्रिंटर, हँग झालेला मोबाईल, न उघडणारी फाईल, सगळं माझ्याकडे येतं. माझी थोरली बहीण सानगडीला दिली आहे. तिला मी बाई म्हणतो. तिची मुलगी नागपूरला विद्यापीठात संगणकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. लॅपटॉप जुना झाला होता, तिचे प्रोग्राम त्यावर चालेनात. तिनं शिष्यवृत्तीतून आणि शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते आणि तेवढ्यात बसेल असा पीसी स्वतः ठरवला होता. भाऊजींची म्हणजे तिच्या वडिलांची अट एकच होती, की वस्तू मामाजींच्या देखरेखीखाली यावी. हे तिनं मला सांगितलं आणि मी त्या दिवशी घरात दोनदा, शेजारी एकदा ते ऐकवलं.

खरं म्हणजे सुटे भाग आणून संगणक जोडायचं काम मी दहा-बारा वर्षांत केलं नव्हतं. हल्ली सगळे तयारच घेतात. पण हे मी कोणाला बोललो नाही.

ती सुटीत घरी आली तेव्हा आम्ही दोघं नागपूरला गेलो. दुकानदार माझे पांढरे केस पाहून आधी माझ्याशी बोलला. दहा मिनिटांत तो तिच्याकडे वळला, कारण उत्तरं ती देत होती. कुठल्या प्रोसेसरला कुठला बोर्ड चालतो, किती वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो, पैसे कमी पडत असतील तर कॅबिनेट साध्या पत्र्याचं घ्यायचं पण पॉवर सप्लाय हलका घ्यायचा नाही, हे सगळं तिनं वहीत लिहून आणलं होतं. यादीत एका सीनियरकडून घेतलेलं जुनं ग्राफिक्स कार्डही होतं. खेळांसाठी पोरं घेतात ते. मी ते पाहून म्हणालो, अभ्यासाले हे कायले लागते? त्यावर ती लाजली नाही की चिडली नाही.

"अभ्यास करीन अन् खेळीनही, मामाजी. दोन्हीसाठीच घेऊन राहिली मी."

दुकानदार हसला. ते हसू तिच्या बाजूचं होतं, असं मला वाटलं. परतीच्या बसमध्ये ती खोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीनं चारचौघांत आपल्याला मागे टाकलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जोडायच्या दिवशी बघू, असं मी मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

जोडायचा दिवस रविवार होता. लाखांदूरला गाडी बदलून मी सकाळीच सानगडीला पोचलो. भाऊजींनी घरापुढच्या छपरीत टेबल मांडून ठेवलं होतं, त्यावर धुतलेली चादर अंथरली होती. शेजारचे निवृत्त पोस्टमन, पिठाच्या गिरणीचे मालक आणि शाळेतले एक गुरुजी खुर्च्या घेऊन बसले होते. धान कापून झालं होतं, लोकांना वेळ होता. मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढले आणि एकेक भाग उचलून सगळ्यांना समजावू लागलो. हा मदरबोर्ड, हा याचा मेंदू, ही याची आठवण. पोस्टमन मान डोलवत होते. मला छान वाटत होतं.

बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेवर, म्हणजे सॉकेटवर, काळं प्लास्टिकचं झाकण होतं. मी ते काढायला गेलो तर भाची हळूच म्हणाली, "ते आता नका काढू, मामाजी. प्रोसेसर ठेवून वरची पट्टी दाबली का ते आपोआपच निघते." तिनं व्हिडिओत पाहिलं होतं. मी म्हणालो, तू व्हिडिओ पाहिले, मी मशीन उघडल्या आहेत. गुरुजी हसले. मी झाकण काढलं.

मी शिकलो तेव्हा बारीक पिना प्रोसेसरला असायच्या आणि सॉकेटला नुसती भोकं. या नव्या बोर्डात उलट होतं. सॉकेटमध्येच केसासारख्या शेकडो पिना उभ्या होत्या. मला चष्म्याशिवाय त्या दिसल्या त्या एक चमकदार पृष्ठभाग म्हणून. चष्मा पिशवीत होता. तेवढ्यात बाईनं चहा न्यायला हाक मारली आणि भाची आत गेली. सॉकेटच्या कोपऱ्यात मला कचरा दिसला. कदाचित धूळ असेल, कदाचित काहीच नसेल. जुन्या सवयीनं मी रुमालाचं टोक घेतलं आणि ते पुसलं.

रुमाल अडकला. मी ओढला तेव्हा अगदी लहान, टिचल्यासारखं काहीतरी बोटांना जाणवलं. पिशवीतून चष्मा काढून मी पाहिलं. एका कोपऱ्यातल्या काही पिना आडव्या झाल्या होत्या. समोर तिघं जण बसले होते, भाऊजी उभे होते, सगळे माझ्या हातांकडेच पाहत होते आणि कोणालाही काही समजलं नव्हतं.

तेव्हा मी सांगू शकलो असतो. मी प्रोसेसर उचलला, त्या पिनांवर ठेवला आणि वरची पट्टी दाबून टाकली.

भाची चहा घेऊन आली. झाकण टेबलावर पडलेलं आणि प्रोसेसर बसलेला तिनं पाहिला आणि कप वाटू लागली. रॅमची पट्टी मी तिला बसवायला दिली, मोठेपणानं. तिनं नीट रेष जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट् असा आवाज झाला. तो व्हायलाच पाहिजे, रॅम बसली की क्लिप तसा आवाज करते. पण पोस्टमन दचकले आणि म्हणाले, पोरी, जरा सांभाळून.

तासाभरानं सगळं जोडून झालं. बटण दाबलं, पंखे फिरले, पण मॉनिटर काळाच राहिला. बोर्डावर प्रोसेसरच्या खुणेपाशी एक लाल दिवा लागून राहिला. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा तोच दिवा. भाची वाकून तो दिवा पाहत म्हणाली, प्रोसेसर काढून पाहू का एकदा? मी जोरात नाही म्हणालो. सारखं काढघाल केल्यानं बिघडतं, असं काहीतरी बोललो. मग भाऊजींनी विचारलं, "सर, झालं तरी काय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी भाचीकडे पाहिलं.

"रॅम बसवताना जोर जास्त झाला वाटते," मी म्हणालो. "आवाज ऐकला ना तुम्ही? बोर्डाले आतून तडा गेला असेल."

पोस्टमन लगेच म्हणाले की हो, आवाज झाला होता. गिरणीवाले म्हणाले की नाजूक कामात घाई चालत नाही. भाऊजी मुलीवर ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "एवढ्या लोकांत तुले हात घालाची काय गरज होती? सर होते ना." भाची मान खाली घालून स्क्रू ड्रायव्हर डब्यात ठेवत राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्या घरी जेवलो. बाईनं माझ्यासाठी मुद्दाम वडे केले होते, ते खाल्ले आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.

दोन दिवसांनी ती बोर्ड घेऊन नागपूरच्या दुकानात गेली. तिथून तिचा फोन आला. दुकानदारानं भिंगातून पाहून सांगितलं होतं, की सॉकेटच्या पिना वाकल्या आहेत, हाताळताना झालं, वॉरंटीत बसत नाही. मी "हो का" म्हणालो. पलीकडे थोडा वेळ ती थांबली. मीही थांबलो. मग तिनं फोन ठेवला.

नवीन बोर्डासाठी मी अर्धे पैसे पाठवले. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते. पूर्ण पाठवले असते तर कोणीतरी विचारलं असतं काहून. अर्धे पाठवले म्हणून ते प्रेम ठरलं. बाईचा फोन आला, तिनं मला आशीर्वाद दिला, पोरीची चूक असूनही तू मदत केली म्हणाली. मी म्हणालो, आपलंच लेकरू आहे. उरलेल्या पैशासाठी भाचीनं आणखी दोन मुलांची शिकवणी धरली. बोर्ड आणून पीसी तिनं एकटीनं जोडला आणि तो पहिल्याच वेळी सुरू झाला, हे मला बाईकडूनच कळलं.

पुढे दोन-तीन महिन्यांनी डोळे तपासायला मी नागपूरला गेलो. बाईनं लाडू दिले होते म्हणून भाचीच्या खोलीवर जावं लागलं. दोन मुली मिळून राहत होत्या. टेबलावर तोच पत्र्याचा पीसी चालू होता. एका खिडकीत तिचा प्रोग्राम आणि मागे गाड्यांच्या शर्यतीचा खेळ थांबवून ठेवलेला. तिच्या मैत्रिणीनं नमस्कार केला. भाचीनं ओळख करून दिली, "हे माझे मामाजी. यांनीच माझा पीसी जोडून दिला."

ती टोमणा मारत नव्हती. पाहुण्याबद्दल चांगलं बोलावं तसं ती बोलली होती. मैत्रीण म्हणाली, काका, मलाही घ्यायचा आहे, माझाही जोडून द्याल का? मी लाडवाचा डबा भाचीच्या हातात दिला. मैत्रीण दूध आणायला बाहेर गेली तेव्हा मी खुर्चीत तसाच बसून होतो. भाची लाडवाचा डबा उघडत होती.

"तुले माहीत होतं ना?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"बोर्ड डब्यात भरायसाठी प्रोसेसर काढला तेव्हाच पाहिलं, मामाजी. पिनांत निळा धागा अडकून होता. तुमच्या रुमालाचा." ती थोडं थांबली. "दुकानात नेण्याआधी मी तो चिमट्यानं काढला. उगाच दुकानदार तुम्हाला हसला असता."

मी विचारलं, मग घरी काहून नाही सांगितलं? तिनं डबा खाली ठेवला.

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

नंतर तिनंच सांगितलं, की पैशाचं तिला काही वाटत नाही. पण शेतातल्या मोटारीचा फ्यूज आधी ती बदलायची, घरातलं विजेच्या बोर्डाचं बटण ती बसवायची. आता बाबा हात लावू देत नाहीत. तुझा हात जड आहे म्हणतात, हसत म्हणतात, पण म्हणतात. मैत्रीण दूध घेऊन आली आणि भाची चहा ठेवायला उठली.

त्याच आठवड्यात मी सानगडीला गेलो. भाऊजी अंगणात पोती शिवत होते, बाई तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. झाकण, रुमाल, पिना, पोरीवर घातलेला आळ, अर्धे पैसे. भाऊजींना तांत्रिक काही कळलं नाही, पण पोरीची चूक नव्हती एवढं कळलं. त्यांनी सुई पोत्यात खोचली आणि आत निघून गेले. बाईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"माझ्या पोरीले चार लोकांत खाली पाहाले लावलं तू. अन् मी तुले फोनवर आशीर्वाद देत होती."

थोड्या वेळानं भाऊजी बाहेर आले. चेहरा धुतलेला होता. ते म्हणाले, "आमचं ठीक आहे सर, आम्ही घरचे. त्या दिवशी बसले होते त्यांचं काय?"

म्हणून मी गिरणीवर गेलो. दळण चालू होतं, मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे रांगेतल्या बायांनीही ऐकलं. गिरणीवाल्यांनी पट्टा थांबवला आणि मला पुन्हा सांगायला लावलं. गुरुजींना शाळेच्या फाटकात गाठलं. ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त अवघडले आणि म्हणाले, होते सर, होते एखाद्या वेळी. पोस्टमन त्या महिन्यात मुलाकडे गोंदियाला गेले होते. नंतर ते तिथंच वारले. त्यांना सांगायचं राहून गेलं.

भाऊजींनी पोरीला फोन केला असावा. रात्रीच्या जेवणाआधी तिचा मला फोन आला. मी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे मामाजी, आणि मग डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर ते विचारलं. तिच्या परीक्षेचं बोलली. आवाजात राग नव्हता.

तिची एम.एस्सी. झाली, आता ती नागपुरातच नोकरी करते. तिनं मैत्रिणीचाही पीसी जोडून दिला, आणखी तिघांचेही. दिवाळीला येते, पाया पडते, माझ्या वर्गाबद्दल विचारते. पण आधी तिला काही अडलं की ती मला फोन करायची. उत्तर तिला माहीत असलं तरी करायची, हे आता माझ्या लक्षात येतं. ते फोन बंद झाले. मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि वर्गातल्या मुलांना यातलं काही अजून सांगितलेलं नाही.