अर्धा लिटर पाणी

९ एप्रिल १९७७, शनिवार. रक्कम नऊशे रुपये. हजर तिघे: मी, माझी थोरली बहीण अक्का आणि तिचा दीर. सोलापुरातल्या इस्पितळाच्या व्हरांड्यात अक्काने पाटल्या मोडून आणलेले हे पैसे माझ्याकडे ठेवायला दिले.

तापानंतर दाजींच्या किडन्या बंद पडल्या होत्या. पोटात नळी घालून, बाटल्यांनी पाणी भरून ते पुन्हा काढायचे, असे डायलिसिस डॉक्टरांनी केले. म्हणाले, "दोन-तीन आठवड्यांत किडन्या चालू होतील. तोवर दिवसाला अर्धा लिटर पाणी. मीठ बंद. पाणी साठलं तर छातीत शिरेल."

पाणी मी औषधाच्या मापाने देई आणि वहीत लिही. तरी तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले. दुपारी मी कचेरीत असताना दीर बसायचा. मी आमच्या माठावर खडूने रेघ मारून गेलो. संध्याकाळी पाणी चांगले चार बोटे खाली.

"कोण प्यालं?"

"मी की. उनाचं कोरडाच बसू? पाव्हणं, माठाचीबी हजेरी घेता व्हय?"

"दाजींना पाजलंस तू."

तो उठला. "वैनी, भावाच्या जिवावर मीच उठलोय म्हनं," एवढे बोलून मंद्रूपची गाडी धरायला गेला.

मी रजा काढली आणि स्वतः बसलो. दोन दिवसांत वजन आणखी सव्वा किलो. मग मला काट्याचा संशय आला. स्वतः उभा राहून पाहिले, काटा बरोबर होता. रात्रपाळीच्या आयेचा आला, शेजारच्या खाटेवरल्या म्हाताऱ्याचा आला. दाजींना आता उशाला टेकूनच बसावे लागे, इतकी धाप.

दुपारी अक्काने डबा आणला. पापडासारखी वाळलेली कडक भाकरी मी ताटात चुरली, वर शेंगाआमटी ओतली. भाकरीने ती पिऊन टाकली. पुन्हा ओतली. नर्स जाता जाता थांबली.

"हे पाणी वहीत कुठं लिहिता?"

ताटात पाणी दिसतच नव्हते. तेवढीच आमटी मापाने मोजली. एका जेवणाला साडेचारशे मिलीलिटर.

"मीठ नव्हतं की रे," अक्का म्हणाली. "भाकर तर सुकीच दिली."

त्याच संध्याकाळी पुन्हा डायलिसिस करावे लागले. दाजी वाचले. नवव्या दिवशी लघवी सुरू झाली, मग रोज वाढत गेली.

मी मंद्रूपला गेलो. दीर गोठ्यात होता. म्हणालो, "आमटीनं झालं. मीच वाढत होतो."

"आन् माझं नाव घेतलं ते?"

"चुकलं माझं."

"दादा जेवतोय न्हवं आता?" तो म्हणाला आणि वैरण टाकू लागला.

दोन्ही वेळच्या बाटल्यांचे सातशे साठ औषधाच्या दुकानाला दिले. दाजींना मंद्रूपहून आणताना दिराने मोटारवाल्याला दिलेले साठ रुपये पावती नाही म्हणून मी नाकारले होते. ते त्याला दिले. उरलेले ऐंशी अक्काला.