सुमनसाठी हवा शोधताना

भाऊच्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगेत आम्ही उभे होतो. बोट लागायची होती आणि ऊन चढले होते, म्हणून मी इंजिन चालू ठेवून एसी लावला होता. पुढच्यामागच्यांनीही तेच केले होते. सुमनने काच दोन बोटे खाली केली, नाकाला पदर लावला आणि काच पुन्हा वर घेतली.

"अहो, हवा बदलायला निघालोय ना आपण?" ती म्हणाली. "मग निघेपर्यंत तरी बंद करा."

मी चावी फिरवली. मागचा गाडीवाला मात्र बोटीत चढेपर्यंत एसी खात बसला आणि मी त्याला मनात शिव्या देत राहिलो. स्वतःचे इंजिन बंद झाल्याबरोबर दुसऱ्याचा धूर दिसायला लागतो, हे त्या प्रवासात माझ्या वारंवार लक्षात आले.

सुमन माझी बायको. गेल्या काही वर्षांत तिचा दमा वाढत गेला आहे. दिवाळीनंतर शहराची हवा जड झाली की तिला तीन उशा घेऊन बसूनच झोपावे लागते. डॉक्टरांनी या वेळी औषध बदलले नाही, पेन बाजूला ठेवले आणि म्हणाले, "इतकी बारीक धूळ असते की डोळ्यांना दिसत नाही. गाड्यांची, बांधकामांची, जाळलेल्या कचऱ्याची. ती आत उतरली की मी काय करणार? काही महिने यांना बाहेर कुठे ठेवता येईल का?"

आता माझ्या धंद्याबद्दल. लग्नमंडपांना, सभांना, चित्रीकरणांना मी डिझेलचे जनरेटर भाड्याने देतो. आमचे घर हमरस्त्याला लागून आहे, कारण यंत्रे वाहून नेणारे टेम्पो तिथून सोयीचे पडतात. तेव्हा सुमनच्या छातीत जे काही साठले आहे, त्यात घरचा वाटा किती, हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मी स्वतःच विचारतो, आणि उत्तर यायच्या आत दुसरे काहीतरी काम काढतो. आता काम एवढेच काढले होते, की रायगडच्या किनाऱ्याने खाली जायचे आणि सुमन राहू शकेल अशी एक खोली शोधायची.

होळी नुकतीच होऊन गेली होती. मांडव्याला उतरलो तेव्हा खाडीपलीकडे पेणच्या बाजूला कारखान्यांच्या चिमण्यांचे धुरकट पट्टे दिसत होते. सुमनने तिकडे पाठ फिरवली आणि शहाळे मागितले.

पहिला मुक्काम किहीमला. माडांच्या सावलीत कौलारू खोली, चालत गेले की समुद्र. रात्री वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी मिळाली. सुमन दोन भाकऱ्या जेवली आणि मला वाटले, झाले काम. पण सकाळी उठून दार उघडले तर सगळ्या वाड्यांतून धूर निघत होता. इथे बंगल्यांचे राखणदार उजाडताच आवार झाडतात आणि झावळ्या, पाने, त्यात आलेली वेफरची पाकिटे, सगळ्याचा ढीग करून काडी लावतात. मालक शनिवारी येणार, तेव्हा अंगण स्वच्छ हवे.

संध्याकाळी वीज गेली आणि आमच्या खोलीच्या मागे जनरेटर सुरू झाला. आवाजावरूनच मला कळले, की याची बऱ्याच काळात कुणी देखभाल केलेली नाही. धूर काळा होता आणि नळी आमच्या खिडकीकडे वळवलेली होती. मी राखणदाराला गाठले.

"साहेब, मालकांना सांगा," तो म्हणाला. "मी बोललो तर म्हणतात, पाव्हण्यांना पंखा नको का?"

परत आलो तेव्हा सुमन औषधाचा पंप तोंडाला लावून बसली होती. श्वास जरा जागेवर आल्यावर म्हणाली, "तुमच्याच नात्यातला दिसतोय. ओळख द्यायची होतीत."

तिने ते हसून म्हटले. मला हसता आले नाही.

मग आम्ही आणखी खाली निघालो. अलिबागच्या रस्त्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकत होत्या. सुमनने एक घेतली आणि सबंध गाडीला कांद्याचा वास लागला. रेवदंड्यापर्यंत ट्रकांची धूळ होती, पूल ओलांडल्यावर ती कमी झाली. मुरूडला जेवून आगरदांड्याला पोहोचलो आणि दिघीला जाणाऱ्या जंगलजेटीत (गाड्या वाहून नेणारी सपाट बोट) गाडी चढवली.

तिथे इब्राहिमभाई भेटले. सत्तरीचे गृहस्थ, पांढरी टोपी, हातात औषधांची पिशवी. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी मस्कतला काढला होता. सुमनचा पंप पाहून ते सरळ आमच्या बाकावर येऊन बसले.

"तबियत कधीपासून अशी?" त्यांनी विचारले. सुमनने सांगितले. मी मध्ये भर घालत होतो, तर ते मला म्हणाले, "भाई, दमा त्यांना आहे ना? मग त्यांनाच बोलू द्या."

सुमनला ते तिथेच आवडले.

"किनाऱ्यावर नका राहू," ते म्हणाले. "आता तिथं पण गाड्याच गाड्या. बोर्ली पंचतनच्या आत डोंगराकडे जा. आमचा तुकाराम आहे तिथं. त्याची माडी रिकामी आहे. माझं नाव सांगा. तो नाही म्हणणार नाही. तो कुणालाच नाही म्हणत नाही, तीच तर त्याची बीमारी आहे."

तुकाराममामांची वाडी तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट जागेत होती. खाली भाताची खाचरे, वर काजू आणि आंबा. मामा साठीचे, उंच, सतत मान तुकवून बोलणारे. मामी ठेंगण्या आणि तोंडाच्या फटकळ. त्यांचा मुलगा नवी मुंबईत कंपनीत होता, माडी त्याच्यासाठी बांधलेली आणि तो वर्षातून गणपतीला येणारा.

"ऱ्हावा की," मामा म्हणाले. "घर तुमचंच हाय."

"आदी इचारा तरी, तिकट खात्यात का," मामी म्हणाल्या.

तिथले पहिले दोन दिवस मी कधी विसरणार नाही. पहिल्या रात्री सुमनने एक उशी कमी केली. दुसऱ्या रात्री ती एकाच उशीवर, कुशीवर वळून झोपली. मी उठून तिच्या नाकाशी हात धरून पाहिला. सकाळी ती मामींबरोबर विहिरीवर गेली आणि हंडा नाही तरी कळशी घेऊन चढ चढून आली. मामींच्या स्वयंपाकघरात मात्र ती टिकेना, कारण तिथे चूल होती. कोपऱ्यात गॅसची शेगडीही होती, स्वच्छ फडक्याने झाकलेली.

"ती पाव्हन्यांच्या च्याला," मामी म्हणाल्या आणि खोकल्या. त्यांचा खोकला सुमनच्या ओळखीचा होता. त्या दिवसापासून ती चूल सोडा म्हणून मामींच्या मागे लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा म्हणाले, "भाऊ, उद्या दुपारच्याला राब भाजायचाय. ताईंना जरा तरास व्हईल. खिडक्या लावून घ्या."

या भागात भाताचे रोप जिथे करायचे त्या जमिनीच्या तुकड्यावर शेण, टहाळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा (वाळलेली पाने) आणि गवत यांचे थर देतात, वर थोडी माती पसरतात आणि ते सगळे सावकाश जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. तणाचे बी मरते, राख जमिनीत जाते आणि रोप जोमाने वर येते. घराच्या खालच्याच खाचरात मामांचा राब रचून तयार होता.

मला एक युक्ती सुचली, आणि जे पुढे घडले ते त्या युक्तीमुळे. मी म्हणालो, "मामा, तुम्ही सकाळीच लावून टाका ना. आम्ही पहाटे दिवेआगरला जातो, दिवसभर तिथे राहतो. संध्याकाळी येऊ तोवर सगळं विझलेलं असेल."

मामांनी कान खाजवला. "सकाळी व्हय?" ते म्हणाले. मामींनी त्यांच्याकडे पाहिले. "सकाळी... बगू. लावतो की."

त्यांच्या त्या थांबण्याचा अर्थ मला लागायला हवा होता. इब्राहिमभाईंनी तर आधीच सांगून ठेवले होते.

दिवेआगरला दिवस छान गेला. सुमन सुरूच्या सावलीत झोपली, उकडीचे मोदक जेवली. दिवस मावळता परतलो. शेवटच्या वळणावर मला वाटले, की धुके उतरले आहे. मार्चमध्ये धुके कुठले? सबंध खोलगट भागात धूर दाबून भरल्यासारखा पडून होता. घर दिसत नव्हते, नुसता ओटीवरचा दिवा दिसत होता.

कारण मला नंतर कळले. सकाळी पाने दवाने ओली होती आणि वारा पडलेला होता. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा राब कोरडा होऊन लवकर जळतो आणि धूर डोंगरावरून निघून जातो. म्हणून वाडीत सगळे दुपारी लावतात. ओला राब पेटेना, नुसता धुमसत राहिला. त्यात आम्हाला धूर नको म्हणून मामांनी वर दुप्पट माती टाकली होती. धूर दबेल असे त्यांना वाटले. त्याने राब आणखीच घुसमटला.

मी गाडी वळवेपर्यंत सुमनचा श्वास अडकला. पंपाने काही होईना. तिने दरवाजाची कड घट्ट धरली होती आणि तिचे ओठ निळसर दिसत होते. गाडीचा आवाज ऐकून मामा-मामी धावत आले. मामी काही न विचारता मागच्या सीटवर शिरल्या आणि त्यांनी सुमनची पाठ छातीशी धरली. मामा माझ्या शेजारी बसून "डावीकडं, आता सरळ" एवढेच बोलत होते. बोर्लीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वाफेचे यंत्र लावले, इंजेक्शन दिले आणि मामींना तेवढे आत ठेवून आम्हाला बाहेर काढले.

मामा पायरीवर उकिडवे बसले होते. हातापायांना राख तशीच.

"ताईंना तरास दिला म्या," ते म्हणाले. "माफ करा, भाऊ."

"मामा, सकाळी लावा असं मी सांगितलं होतं."

"तुमी सांगितलंत. काडी म्या लावली."

बऱ्याच वेळाने मामींनी बाहेर येऊन सांगितले, की ताई बोलायला लागल्या. मी आत गेलो आणि राब सकाळी लावायला मीच सांगितले होते, हे सुमनला सांगितले.

"माहीत आहे," ती म्हणाली. प्रत्येक शब्दानंतर ती थांबत होती. "मामींनी गाडीतच सांगितलं. तुमची... युक्ती."

रात्र दवाखान्यात काढून सकाळी वाडीवर परतलो. धूर निघून गेला होता आणि खाचरात राबाचा काळा चौकोन उरला होता. मी बॅगा भरायला घेतल्या.

"कुठे?" सुमनने विचारले.

"घरी."

"कुठल्या घरी? जिथे मी बसून झोपते त्या?" ती खाटेवर टेकली. "यांचा राब झाला. वाडीतले बाकीचे चार-आठ दिवसांत होतील, दुपारचे. तोवर मी दिवेआगरला राहीन, मग इथे येईन. आपल्या खिडकीखालचा रस्ता किती दिवसांत संपतो, ते सांगा. मग मी येते."

मामी दारात उभ्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मामा मात्र गंभीर होते.

"शेतीखात्याचा मानूस आल्ता," ते म्हणाले. "न भाजता मातीच्या उंच गादीवाफ्यावर रोप करा म्हनला. रोप येतं बी. पर तण लई येतं. काडनार कोन? पोरगा कंपनीत, हिच्या छातीत खोकला."

"मी काढीन," सुमन म्हणाली.

"तुमी? जुनात?"

"एक तुकडा तसा करून बघा. मी आहे. पण एक अट आहे. मामींचा स्वयंपाक गॅसवर."

"ह्या बाईला कुटनं आनली," मामी मला म्हणाल्या. पण फडके त्यांनी काढले.

मी एकटाच परतलो. बोटीच्या कठड्याशी उभा राहून एकेक धूर आठवत होतो. धक्क्यावरच्या गाड्यांचा, किहीमच्या ढिगांचा, खिडकीकडे नळी वळवलेल्या जनरेटरचा, खाडीपलीकडच्या चिमण्यांचा, मामांच्या राबाचा. त्या सगळ्यांत एकाच धुराबद्दल कुणीतरी माफी मागितली होती, आणि ती मागणाऱ्याचा राब वर्षातून एकदा पेटतो. माझी यंत्रे लग्नसराईत रोज चालतात. मी धंदा बंद केला, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे झालेले नाही. दोन जुनी यंत्रे भंगारात काढली, उरलेल्यांच्या नळ्या उंच केल्या आणि मंडपात आचारी व म्हातारी माणसे कुठे बसणार ते आता स्वतः जाऊन बघतो. हे पुरेसे नाही, हेही मला माहीत आहे.

सुमन जून संपत आला तरी तिकडेच होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला. कशी आहेस, असे मी विचारायच्या आत ती सुरू झाली, की न भाजलेल्या तुकड्यात तण इतके आले आहे की रोप कुठले आणि तण कुठले तेच कळत नाही, मामी तिला रोपच उपटलं म्हणून ओरडतात, मामा पुढच्या वर्षी अर्धा राब भाजू आणि अर्धा नको म्हणतात पण ते त्यांचं नेहमीचं हो म्हणणं असेल, तिच्या कमरेचा काटा ढिला झाला आहे आणि मी तिकडे पंख्याखाली बसून नुसती चौकशी करतो, त्यापेक्षा रविवारी येऊन दोन ओळी निंदून का देत नाही.

ती श्वासासाठी कुठेही न थांबता शेवटपर्यंत बोलली होती.